पदराच्या गाठीतला कटाऊट

पारबता,

तुह्या जितेपणी मी तुले कधी नावानं हाक मारली नाई. सुनीलची माय म्हटलं, नाईतं नुसतं "ओ" म्हटलं. आता लिहायचं म्हटलं तं "ओ" लिहून कोणाले समजन? म्हणून नाव घेतो. हसशीन तं हास.

तुह्या पुण्यानुमोदनाले विहारापुढं मांडव भरला होता. भंतेजीनं वंदना घेतली, मंग एकेक जण माइकवर येऊन बोलला. पारबताबाई शांत होती, पारबताबाई मायाळू होती, पारबताबाईनं कोणाचं मन दुखावलं नाई. मी खालमानेनं आयकून राह्यलो होतो अन् मनात म्हणत होतो, हे कोणाच्या बाईबद्दल बोलून राह्यले? मन तं तू साऱ्याइचं दुखावलं. मिलच्या मुकादमाले तू तोंडावर बैताड म्हटलं. मंग माह्या हातात माइक देल्ला. मी उभा राह्यलो, तोंड उघडलं, अन् आवाजच निघाला नाई. मोटरले करंट असते पण ती उठत नाई, नुसती हुं हुं करते, तसं झालं. विहारातल्या मंडळीनं म्हटलं, बाबा, बसा तुमी, लिहून द्या, आमी पुस्तिकेत छापतो.

माही शाळा चौथीपर्यंत. तीबी धानाचं रोवणं लागलं का बंद. पण लिहितो. तो कार्यक्रम झाल्यावर मिलमधी जे झालं ते तुले सांगतल्याशिवाय माहा हात हलका होणार नाई. उजवा हात. त्यातलं बी हे एकच बोट, बटन दाबायचं.

तुले सारं माहीत हाय, पण पुस्तिका दुसरेबी वाचतीन, म्हणून सांगून टाकतो. सावली गावाच्या रस्त्यावरच्या राइस मिलमधी माही सारी जिंदगी मोटर चालू करण्यात गेली. मोटर एकच, मोठी. तिच्यावरून लांब लोखंडी शाफ्ट, शाफ्टवरून पट्टे, अन् पट्ट्यावर सारी मिल. धान भरडायची मशीन, चाळणी, अन् खड्ड्यातून धान वर नेणारी डब्याइची माळ. त्या माळेच्या बुडाशी खड्ड्यात ओलं धान, तणस, सुतळी, काय काय गुंडाळून बसते. मंग कोणाले तरी सिडीनं खाली उतरून, डब्याइच्या मधात हात घालून, ते खुरपीनं काढा लागते. खड्डा अरुंद. मिलमधी साऱ्यात बारीक तू. म्हणून तू.

पहिल्या दिवशी खड्ड्याच्या काठावर उभी राहून तू मले विचारलं होतं, "अजी, अन् तुमी मले विसरले तं?"

मी म्हटलं, "आपल्या बायकोले कोण विसरते?"

"माह्या मावशीले तिच्या सख्ख्या भावानं विसरलं होतं," तू म्हणाली.

तुह्या मावशीची खांद्यापासून रिकामी लोंबणारी बाही मी लग्नात पाह्यली होती. वडशाकडच्या कोण्या मिलमधी गेला होता तो हात. भावाले वाटलं, बहीण वर आली. त्यानं बटन दाबलं.

तू तिथून सरळ मीटरपाशी गेली. मेन स्विच खाली पाडला. फ्यूजचे तिन्ही पांढरे चिनीमातीचे कटाऊट वढून काढले. दोन फळीवर ठेवले अन् मधला पदराच्या टोकाले बांधला, गाठ मारली, पदर कमरेले खोचला अन् खाली उतरली. बाया पदरात चिल्लर बांधते, तंबाखूची पुडी बांधते. तू करंट बांधून नेला. तवाचा मुकादम हसला होता. म्हणे, बाईनं मिलचा जीवच पदरात घेतला. तू खड्ड्यातून वरडली, "मिलचा नाई, माहा."

तवापासून तोच कायदा. जो उतरन तोच कटाऊट काढन, अन् वर आल्यावर तोच लावन. दुसऱ्यानं हात लावायचा नाई. लावून झाला का तू माह्यापुढं येऊन उभी राहे, पदरानं मान पुसे, अन् म्हणे, "दाबा आता." कधी चिडून म्हणे, कधी हसून म्हणे, पण म्हटल्याशिवाय मी बटनाकडं पाहे बी नाई.

मोटर उठवणारा जुना स्टाटर होता तोवर मले कधी भेव वाटलं नाई. तो मर्दाच्या बोलीचा होता. दाबलं का धाडकन मिल हादरे, पट्टा किंचाळे, पत्र्यावरचे कबुतरं उडून जाय, अन् गावातले बल्ब मिचकले का लोकाइले समजे, मिल चालू झाली. पट्टेबी तुटे. एकदा तुटलेल्या पट्ट्यानं भितीचं पलस्तर काढलं होतं, ते माणसाच्या डोक्याएवढं भगदाड अजून तसंच हाय.

मंग मालकानं तो नवा आणला. सॉफ्ट स्टाटर. गडचिरोलीहून फिटर आला, भला माणूस होता, त्यानं भितीवर पेटी बसवली अन् आमाले समजावून सांगतलं. "जुना स्टार्टर मोटरला एकदम सारा करंट देत होता. हा थोडा देतो, मग अजून थोडा, मग सारा. मोटर हळूहळू उठते."

मले काही समजलं नाई. तुले लगेच समजलं. "म्हणजे डोक्यावर पाटी घेतल्यावाणी," तू म्हणाली. "आधी गुडघ्यावर, मंग छातीशी, मंग डोक्यावर. एकदम उचलली तं मान लचकते."

"एकदम बरोबर, काकू."

"अन् बंद?"

"बंदही हळू करता येते. हे फिरवायचं उठवायसाठी, हे थांबवायसाठी."

"बरं. अन् माह्या कटाऊटचं काय?"

फिटर माह्याकडं पाहाले लागला. मी त्याले पदराचा कायदा सांगतला. मले वाटलं हसन. तो नाई हसला. म्हणे, "काकू, ही सवय सोडू नका. मोटर थांबली तरी ह्याच्या पोटात करंट असतोच. ह्याच्या बटनाच्या भरवशावर कोणी मशीनमध्ये हात घालायचा नाही. मागचा मेन पाडायचा, कटाऊट काढायचा, मगच."

तू माह्याकडं असं पाह्यलं जसी केस जिंकली. पण माह्या डोक्यात तेवढंच राह्यलं. थांबली तरी पोटात करंट असते.

अन् मंग मी पहिल्यांदा बटन दाबलं. बाया सवयीनं कानात बोटं घालून उभ्या होत्या. काहीच झालं नाई. कबुतरं जागचे हलले नाई. मले वाटलं, पहिल्याच दिवशी बिघडला. म्हणून फिटरले सांगाले वळलो तं पाह्यलं, माह्या पाठीमागं पट्टा चालून राह्यला होता. कोणाले न सांगता. माह्या आंगावर जो काटा आला तो अजून गेला नाई. बाया तं हसून हसून पडल्या. त्याइनं त्याचं नाव मुका ठेवलं. मुका स्टाटर.

तवापासून आपलं भांडण सुरू झालं अन् ते अजून संपलं नाई.

मी म्हणो, जो आवाज करते तो परवडला. तू म्हणे, "जुना तं हात तोडून मंग सांगे. ह्याच्यात माणूस हात काढून तं घेईन." मी म्हणो, "हळू उठते म्हणूनच समजत नाई, उठला ते." तू म्हणे, "तुमाले समजत नाई, खड्ड्यातल्याले समजन."

मुक्याचं आणखी एक होतं. जुन्या स्टाटरचा धक्का एवढा, का खड्ड्यात थोडासा माल फसला असला तं तो वढून नेई. मुक्यात तो जोर नाई. थोडं बी गुंडाळलं असलं का मोटर कण्हे, लाल बत्ती लागे, अन् सारं बंद. म्हणजे चालू कराच्या आधी खड्डा साफ पायजे. म्हणजे तुले जास्त वेळा उतरा लागे. मी तेच धरून बसलो. म्हटलं, "पाह्यलं? ह्या मुक्यापायी तुह्या खेपा वाढल्या." तू म्हणाली, "अन् पट्टा तुटून कोणाचं टकुरं फुटत नाई, ते नाई दिसत? ते भितीचं भगदाड पाहा एकदा, मंग बोला."

एकदा मोहफुलं वेचून आपण दोघं येत होतो. त्या आठवड्यात शेजारच्या गावची बाई वाघानं नेली होती. साऱ्या बाया जंगलात एकमेकीले हाका मारत चालत होत्या. मी म्हटलं, "वाघ बोंबलत येते का? जे गुपचूप येते तेच घेऊन जाते. मुका तसाच हाय." तू डोक्यावरची टोपली सावरली अन् चालता चालता म्हणाली, "वाघाले कोणी बटन दाबून नाई आणत. मोटर तुमच्या बोटानं येते. भेव धरायचं असन तं त्या बोटाचं धरा."

मी पाय झपझप उचलले. मले राग आला होता.

आता तुहा मिलमधला शेवटचा दिवस. उन्हाळी धान संपत आलं होतं. खड्डा फसला, तू मेन पाडला, कटाऊट बांधला, उतरली. थोड्या वेळानं अर्ध्यातूनच वर आली. घामानं चिंब. "दम लागून राह्यला," म्हणाली अन् पोत्याच्या थप्पीले टेकून खाली बसली. तू काम अर्धं टाकून बसली हे मी पहिल्यांदा पाह्यलं. आटो करून सावलीले नेलं, तिथून गडचिरोलीले. दवाखान्यात तुहं लुगडं बदललं, जुनं पिशवीत घालून माह्या हातात देल्लं. त्याच्या पदराले काय बांधलं हाय हे मले आठवलं बी नाई.

तुले आठवलं. डॉक्टर म्हणे बोलू नका, अन् तू मले बोलावून म्हणते काय, "खड्डा अर्धाच झाला. दाबू नका."

"कोण दाबते? मी इथी तुह्यापाशी हाय."

"मुक्याचा भरोसा नाई म्हणता ना? सोताचा बी ठेवू नका."

हे काही मायेचं बोलणं नाई. लोकाइच्या बायका जाताना पोराइले सांभाळा म्हणते. तू मले मोटरचं सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनील गोळ्या आणाले खाली गेला होता. मी तुहा हात धरून बसलो होतो. श्वास चालू होता. मंग हळू झाला. मंग आणखी हळू. मले वाटलं, झोप लागली, बरं झालं. नर्सबाई आली, तिनं पाह्यलं, अन् म्हणाली, बाबा, ह्या गेल्या. मी म्हटलं, कवा? पारबता, मी तो माणूस हाय जो पाठ करून उभा राहूनबी सांगे का मोटर चालू हाय का थांबली. अन् तुहा हात माह्या हातात असून मले समजलं नाई, तू कवा थांबली.

तवापासून मले गुपचूप होणाऱ्या साऱ्या गोष्टीचं भेव वाटते. दार आवाज न करता उघडलं तरी मी उठून उभा राहतो.

पिशवी मी घरी आल्यावर काही दिवस उघडली नाई. उघडली तवा पदराची गाठ एवढी पक्की होती का दातानं सोडा लागली. आत तो कटाऊट. घामानं कापड त्याले चिकटलं होतं. मी तो पुसला अन् तुह्या फोटोपुढं ठेवला. पुण्यानुमोदनाले आलेल्या लोकाइनं विचारलं, हे काय? आपल्या सुनेनं, शालूनं सांगतलं, ही आत्याची निशाणी. मिलभर झालं का बुढ्यानं बाईचा कटाऊट फोटोपुढं ठेवला. मिल बंदच होती. धान संपलं होतं, अन् मोटर चालू करणारा मी घरी बसलो होतो. मीटरच्या फळीवर दोन कटाऊट अन् मधली जागा रिकामी, तसंच राह्यलं.

सुनील कार्यक्रम झाल्यावर परत गेला, सूरजागडच्या खाणीवर, टिप्पर चालवाले. घरी मी अन् शालू. वाचणाऱ्याले सांगतो, ही सून सासूले आत्या म्हणते. मिलमधी पोती शिवते. आत्याएवढीच बारीक.

मालकाचा निरोप आला, थोडा माल आला हाय, मिल चालू करा. सकाळी शालूनं डबा बांधला, सुनीलचा जुना फुलशर्ट साडीवर चढवला, अन् हात पुढं करून उभी राह्यली.

"मामाजी, आत्याचा कटाऊट द्या."

"कायले?"

"खड्डा अर्धाच हाय ना? मीच उतरतो आता."

"तू नाई. दुसरी बाई पाहू."

"दुसरी मेली तं चालते का तुमाले?"

बोलणं कोणाचं उचललं हे काही सांगा लागत नाई. मी म्हटलं, "ते फोटोपुढं राहू दे, तुह्या सासूची निशाणी हाय."

"आत्या काय फोटोपुढं ठेवाले बांधत होती का?"

मी देल्ला. तिनं तो शर्टाच्या खिशात टाकला अन् वरून बटन लावलं. रस्ताभर मी तिच्या मागून चालत होतो अन् त्या फुगलेल्या खिशाकडं पाहत होतो.

आता आयक, मन घट्ट करून आयक.

मिलमधी आमी पोचलो. मेन पाडलेलाच होता, तू पाडला तसा. मधला कटाऊट काढलेलाच होता, तू काढला तसा. म्हणजे शालूले मीटरपाशी जायचं कामच नाई राह्यलं. कटाऊट तिच्या खिशात, जागा रिकामी, कायदा पुरा. ती सरळ खड्ड्यात उतरली. मी ग्रीसचा डबा घेऊन शाफ्टच्या दुसऱ्या टोकाले गेलो, कारण एवढे दिवस बंद म्हणजे बेरिंग सुकले असतीन.

ग्रीस देऊन परत आलो तं मुक्याच्या पेटीवर करंट आल्याची बत्ती लागली होती.

एवढे वर्षं त्या बत्तीचा माह्यासाठी एकच अर्थ होता. तू वर आली. कटाऊट तुह्या पदरात असते, म्हणजे बत्ती लागली तं तू खड्ड्यातून निघाली, पदर सोडला, कटाऊट लावला, मेन वर केला. दुसरं काही होऊच शकत नाई. त्या बत्तीकडं पाहून माह्या जिवाले काय झालं कसं सांगू. मले असं नाई वाटलं का शालू वर आली. मले वाटलं, तू आली. दवाखाना, भंतेजी, मांडव, सारं पुसून गेलं. एवढा आनंद झाला. माहं बोट आपल्या आपण उठलं अन् बटनावर गेलं. बटन थंड होतं, एवढं आठवते.

मी फक्त थांबून राह्यलो होतो, तू पुढं येशीन, मान पुसशीन.

पाठीमागून आवाज आला, "दाबा आता, भाऊ."

शब्द तेच. पण माणसाचा आवाज. मी वळून पाह्यलं तं देवराव मुकादम उभा. तोच, तुहा बैताड. डोळे भरले होते त्याचे.

"देवराव, बत्ती कसी लागली?"

"म्या मधात नवा कटाऊट बसवला, बाकीचे दोन लावले अन् मेन वर केला, भाऊ. सकाळीच बाजारातून आणला. ती रिकामी जागा पाहून तुमाले परत परत आठवण येईन म्हणून. पारबताबाईचा तो राहू द्या फोटोपुढं."

"शालू कुठी हाय?"

"शालू? असन ना चाळणीकडं."

मले वरडता आलं नाई. विहारात झालं तसंच, तोंड उघडलं अन् आवाज नाई. बोट मी बटनावरून कसं काढलं ते तुले सांगतो, दुसऱ्या हातानं मनगट धरून काढलं. मीटरपाशी पळालो, मेन पाडला, तो नवा कटाऊट वढून मुठीत घेतला अन् खड्ड्याकडं गेलो. कोंड्यावर घसरून पडलो, उठलो, काठावर जाऊन खाली पाह्यलं.

शालू बसली होती. उजवा हात खांद्यापर्यंत डब्याइच्या मधात.

"शालू," म्हटलं, एवढंच निघालं.

"थांबा ना मामाजी, काय घाई हाय? एवढा गोळा निघू द्या."

"वर ये."

"अवो, कटाऊट माह्यापाशी हाय!" तिनं डाव्या हातानं खिसा थोपटून दाखवला.

मी मूठ उघडली. तिनं माह्या हातातला पाह्यला. मंग आपल्या खिशाले हात लावला. मंग परत माह्या हातातला पाह्यला. तिचा हात डब्याइतून कवा बाहेर आला ते मले दिसलं नाई, एवढ्या लवकर आला. सिडी चढताना तिचे पाय लागून राह्यले नव्हते. वर आली अन् माह्याजवळ कोंड्यात बसली. सासरा अन् सून, तोंड झाकून, एकमेकाले पाठ करून बसलो. मिल केवढी चूप होती, पारबता. मले वाटत होतं, त्या चूप मिलमधी मुका आमाले पाहून राह्यला हाय.

देवरावले समजलं तसा तो खालीच बसला. म्हणे, "म्या तं मयतीची जागा समजलो, भाऊ. म्या तं भरून काढाले गेलो." मंग उठला, तो नवा कटाऊट माह्या हातून घेतला अन् गेटजवळच्या दगडावर आपटून फोडला. तुकडे बुटानं बारीक केले. मले त्याचा राग नाई आला. कोणत्याबी मिलमधी फळीवरची रिकामी जागा पाहून माणूस विचारते, खाली कोण हाय? आपल्याच मिलमधी ती जागा पाहून सारे म्हणाले, पारबताबाई गेली. ते मीच केलं का? फोटोपुढं ठेवून? तू असती तं त्याले बैताड म्हटलं असतं, अन् मंग मले बी. मी तुह्या वाटचं त्याले म्हटलं नाई. तू येऊन म्हण.

आता एक सांग. आपलं भांडण अर्धं राह्यलं हाय. मी दाबलं असतं तं? मुका हळू उठते. तू म्हणे का खड्ड्यातल्याले समजते, माणूस हात काढून घेते. काढला असता का शालूनं? का तिले वाटलं असतं, डबा थोडा हालला, आपल्याच खुरपीनं हालला? मी दिवसभर हेच घोळत राहतो. बसल्या जागी डोळ्यापुढं डबा हालते, हळू, एक बोटभर, मंग आणखी एक बोट. तू बरोबर होती का मी, हे पाहाचा एकच रस्ता होता, अन् तो तवा माह्या बोटाखाली होता. तू जिंकली म्हणून टाकतो मी. जवाब नाई पायजे मले. कधीच नाई पायजे.

मी मालकाले म्हटलं, दुसरा माणूस पाहा, माहं बोट आता कामाचं नाई. शालू बाजूलेच होती. म्हणाली, "दुसऱ्याले भेव नसन तं? तुमीच पायजे." मालक म्हणे, विचार करून सांगा. फिटरले फोन लावला तं तो म्हणे मेनच्या हँडलले कुलूप घाला, चावी उतरणाऱ्याजवळ. तसं केलं. चावी शालूच्या गळ्यात हाय. पण तिनं कटाऊटबी सोडला नाई. काम संपलं का तो वढून घरी आणते. मालक म्हणाला, "मिलचा माल घरी काऊन नेता?" मी म्हटलं, "घरची सून मिलमधी येते ना? मंग."

तरी भेव गेलं नाई. कटाऊट काय, साऱ्या सावलीच्या बाजारात भेटते. कुलूप तोडाले एक दगड पुरते. अन् मायेनं तोडन कोणी, वैऱ्यानं नाई. तेच तं भेव हाय. तुह्या मावशीच्या भावानं बी काही दुष्मनीनं नव्हतं दाबलं.

आज सकाळी परत उभा राह्यलो मुक्यापुढं. खड्डा साफ झाला होता. बत्ती लागली. मी हात पाठीमागं बांधून ठेवले होते. शालू आली, माह्यापुढं उभी राह्यली, सुनीलच्या शर्टाच्या बाहीनं मान पुसली.

"दाबा आता," म्हणाली. "का भंतेजीले बोलावू?"

मी आधी तिचे दोन्ही हात पाह्यले. मंग दाबलं. मोटर उठली, आवाज न करता, जसी उठते तसी. कबुतरं बसून राह्यले. मी पट्टा पुरा वेगात येईपर्यंत तिच्या हाताइकडंच पाहत होतो, अन् ती हसत होती.

आता संध्याकाळ झाली हाय. हे मी ओसरीवर बसून लिहून राह्यलो. तुह्या फोटोपुढची जागा रिकामी होती, तोवर माह्यानं एक घास गिळला गेला नाई. तसंच होते आता. शालू पोती शिवून मागून येते, तोवर मी त्या जागेकडं पाहत राहतो.

आत्ताच आली. चप्पल काढली, हातपाय धुतले, अन् कटाऊट फोटोपुढं ठेवला. ठेवताना टक् असा आवाज झाला. आयकू आला मले.

जेवतो आता.